मोबेला आमंत्रण नसतं

क्रुश्कोवाक, २ एप्रिल २०००

एश्रेफ,

हे तिसरं पत्र. पहिली दोन मिळालीच नाहीत असं म्हणू नकोस. तुझ्या एनिसाने फोनवर सांगितलं की मिळाली, आणि तू ती न फोडता फ्रिजवर ठेवली आहेस. स्वीडनमध्ये पत्रं फ्रिजवर पिकत घालतात का रे?

म्हणून कामाचं आधी सांगते, म्हणजे एवढंच वाचून टाकलंस तरी चालेल. घर तुझ्या नावावर आहे. एकतर ये, नाहीतर ते माझ्या नावावर करून दे. तिसरा मार्ग नाही.

आता मी एवढी का चिडले आहे ते वाचायचं असेल तर पुढे वाच.

परदेशी मदतवाले सिमेंट देतात, विटा देतात, सळया, लाकूड, कौलं, खिडक्या सगळं देतात. मजुरी आपली. पण देतात फक्त मालकाला, आणि मालकाने त्या घरात राहिलं पाहिजे. मालक कोण? बाबांनी घर मुलाच्या नावावर केलं, कारण मुलगी काय, परक्याच्या घरी जाणार. मुलगी गेली, नवरा वारला, लढाई झाली, लढाई संपली, आणि आता मुलगी बापाच्या घराला प्लास्टिक बांधून राहतेय. आणि मालक बोरोसला फ्रिजवर पत्रं रचतोय.

आमच्याकडे येणारा साहेब योस्ट नावाचा डच पोरगा आहे. वाईट नाही. खुर्चीत बसला तरी सायकलवर बसल्यासारखा ताठ बसतो. त्याला मी म्हटलं, "माझा भाऊ सही पाठवतोच आहे." दुभाषी मुलीने ते त्याला सांगितलं, आणि त्याने विश्वास ठेवला. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात, बघ. तो म्हणाला, काम सुरू करा, स्लॅब पडेपर्यंत मी थांबतो. पण उन्हाळा संपेपर्यंत स्लॅब झाला नाही तर माल पलीकडच्या गावाला जाईल. आणि स्लॅब झाला तरी कागद पुरा झाल्याशिवाय कौलं मिळणार नाहीत.

घर कसं आहे हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. चार भिंती उभ्या आहेत, वरचा स्लॅब लढाईत सैनिकांनी सुरुंग लावून खाली आणला होता. स्वयंपाकघरात चूल होती तिथे एक झाड उगवलं होतं, माझ्या मनगटाएवढ्या बुंध्याचं. शाहाआजी आठवते ना? तीही परत आली आहे, पुलापलीकडच्या खोपटात राहते. ती म्हणाली, "काप गं ते लवकर, नाहीतर परदेशी येऊन त्यालाच मालक करतील. ते निदान घरात राहतंय तरी."

मलबा मी आणि हाकिया मिस्त्रीने उपसला. हाकिया आता साठीचा झाला, एका कानाने ऐकत नाही, पण ओळंबा धरला की हात अजून हलत नाही.

गावाच्या वरच्या अंगाचे, लढाईत पलीकडच्या बाजूचे लोक आहेत तिथेच आहेत. राय्को दिसतो कधी कधी. मी बघत नाही.

सही पाठव.

शेफिका


क्रुश्कोवाक, ११ जून २०००

एश्रेफ,

शेवटी तुझं उत्तर आलं, तेही बायकोच्या तोंडून. एनिसा बिचारी फोनवर अडखळत म्हणाली, "ताई, तो म्हणतो की घर राय्कोला विकून टाका. नाहीतरी त्यांना ते हवंच होतं."

मी फोन ठेवून दिला. एनिसाला सांग, तिच्यावर राग नाही. राग कुणावर आहे ते तुला ठाऊक आहे.

हजार मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? विकून टाका! बाबांनी पायाचा दगड न् दगड नदीतून बैलगाडीने आणला. तेव्हा तू पाळण्यात होतास आणि मी त्या दगडांवर बसून गाडीतून यायचे. ते राय्कोला विकायचं? अरे, तूच ना त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं होतंस? आईच्या मरणाच्या वेळी तिने विचारलं, "वरचे लोक कसे आहेत?" तर तू उठून बाहेर गेलास. आणि आता नाव काढलंस ते सौद्यासाठी.

ऐक, एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. त्या दिवशी तू मक्यात लपला होतास आणि मी खिडकीत होते. आपल्या दोघांना एकच गोष्ट दिसली. पुढे सैनिक, मागे ट्रॉलीत बाबा आणि गावातले इतर, आणि ट्रॅक्टरवर राय्को. ट्रॅक्टर त्याचा, चालवणारा तो. त्याच्या बरगडीला बंदूक लावली होती की त्याने आपणहून चावी फिरवली, हे मक्यातून दिसत नव्हतं आणि खिडकीतूनही दिसत नव्हतं. तू ठरवून टाकलंस. मी अजून ठरवलेलं नाही. म्हणून तू मला त्यांच्यात मिळालेली म्हणतोस. मी कुणात मिळालेली नाही रे बाबा, मी फक्त त्याच रस्त्यावर राहते.

बाबा दोन वर्षांपूर्वी त्या खड्ड्यात सापडले. त्यांना पुरलं तेव्हा मी हात जोडून तुला ये म्हटलं होतं. तू फुलांना पैसे पाठवलेस. आपल्यात मयताला फुलं नेतात का? मी ते मशिदीच्या नळाला दिले.

असो. इथे शांतता प्रस्थापित करणं जोरात चालू आहे. गेल्या आठवड्यात आम्हाला गाडीत घालून हॉटेलात नेलं. गोलात बसवलं. एका बाईने भिंतीवर कागदाचं झाड चिकटवलं आणि म्हणाली, "प्रत्येकाने एका पानावर लिहा, शेजाऱ्याकडून तुम्हाला काय हवं आहे." समोरच्या खुर्चीत राय्कोची बायको वीडोसावा. एके काळी ती आणि मी एकाच वाफ्यातून मिरच्यांची रोपं वाटून घ्यायचो. ती पेन चावत बसली. मी लिहिलं, "कोंबड्या आवरा." वीडोसावाने लिहिलं, "कुंपण दुरुस्त करा." बाई खूश झाली. म्हणाली, ही संवादाची सुरुवात आहे. मला हसू आवरेना, वीडोसावाने तोंडात रुमाल कोंबला, आणि मग एकमेकींकडे लक्ष गेल्यावर दोघींनी माना फिरवल्या.

शाहाआजीला विचारलं तर ती म्हणाली, "मी लिहिलं, गाय द्या. आणि दिली की गं!" खरंच दिली. सहा माणसांचं कुटुंब असल्याशिवाय गाय मिळत नाही, पण म्हातारीने मेलेले धरून मोजले.

सेंटरिंगच्या फळ्या आल्या. हाकिया टेकू लावतोय. जुलैमध्ये स्लॅब ओतायचा. अडचण फक्त एकच आहे, हात. स्लॅब एका दिवसात पडला पाहिजे, मध्ये थांबला की जोड राहतो आणि जोडातून जन्मभर गळतं. परत आलेल्यांत पुरुष किती? हाकिया, त्याचा मेव्हणा, आणि काठी टेकत येणारे. पण मोबा करू, सगळ्या गावाने मिळून एका घराचं काम, पूर्वीसारखं. मोबा अजून मेलेली नाही, असं मला वाटतं.

सही पाठव. विकायची गोष्ट पुन्हा काढू नकोस.

शेफिका


क्रुश्कोवाक, २३ जुलै २०००

एश्रेफ,

हसून घे. तुला हसायचा हक्क आहे. स्लॅब पडला नाही.

काय झालं ते सांगते. योस्टला मी म्हटलं, आम्ही मोबा करणार. आता ती दुभाषी मुलगी शहरात वाढलेली, तिला मोबा कुठून ठाऊक असणार? तिने त्याला काय सांगितलं देव जाणे. सार्वजनिक श्रमदानाचा सोहळा किंवा असंच काहीतरी. त्याचा चेहरा असा उजळला, जणू त्याचंच घर होणार आहे. दोन दिवसांत छापील कार्डं तयार. वर दोन हातांचं चित्र, खाली आपल्या आणि वरच्यांच्या, दोन्ही लिप्यांत मजकूर: "आपणास सस्नेह निमंत्रण आहे. चला, एकत्र बांधू या." आणि ती कार्डं त्याने स्वतः घरोघर वाटली, आपल्या लोकांना आणि वरच्या अंगाच्या लोकांनाही.

मला कळलं तेव्हा वाटून झाली होती. मी कपाळावर हात मारला. हाकिया म्हणाला, "ताई, संपलं."

तुला तरी आठवतं ना? मोबेला कुणी कुणाला बोलावतं का? मिक्सरचा आवाज आला की ज्याच्या कानावर पडेल तो फावडं घेऊन येतो. न बोलावता आलेला माणूस मोबेचा. बोलावलेला माणूस एकतर मजूर नाहीतर पाहुणा. मजुराला मजुरी द्यावी लागते, पाहुण्याला कोकरू कापावं लागतं. आणि आला नाही तर कुणी त्याला विचारत नाही, का आला नाहीस, कारण बोलावलंच नव्हतं. मोबेची सगळी अब्रू त्यातच आहे. येणाऱ्याचीही आणि न येणाऱ्याचीही. कार्ड दिलं की आलेला माणूस सलोख्याला आला, आणि न आलेला शत्रू ठरला. कोण येईल?

आला दिवस. फाटकावर कापडी फलक. दूरचित्रवाणीची गाडी. खुर्च्या! स्लॅब ओतायला खुर्च्या, एश्रेफ! पालिकेतला एक माणूस बूट पुसत उभा. मी मोठ्या पातेल्यात घेवड्याची उसळ शिजवलेली, मीच चाखत होते. मिक्सर सुरू झाला. एकजणही आला नाही. वरच्या अंगाचा तर नाहीच, आपलेही आले नाहीत. हाकियाचा मेव्हणासुद्धा आला नाही. नंतर म्हणाला, "मला काय टीव्हीवर यायचं होतं? माझा मुलगा वरच्यांच्या कारखान्यात लागलाय."

योस्टला समजेना. दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होता. मुलाच्या वाढदिवसाला कुणीच आलं नाही की बाप बघतो तसा. मला त्याचा रागही आला आणि दयाही आली. शेवटी पालिकेतल्या माणसाने एक बादली उचलली, फोटो काढून घेतला आणि बादली होती तिथे ठेवून गेला. टीव्हीवर आम्ही दाखवलो गेलो म्हणे. "अविश्वास अजून कायम," असं काहीतरी सांगितलं.

दुकानात वीडोसावा भेटली. सेमिनारनंतर पहिल्यांदाच बोलली.

"कार्ड पाठवलंस?" ती म्हणाली. "आता मोबेला कार्ड? लग्न होतं का तुझ्याकडे?"

"मी नाही पाठवलं."

"मग कुणी?"

"त्या डच पोराने."

"हात्तिच्या!" ती म्हणाली. "आणि आम्ही घरात दारं लावून बसलो. राय्को म्हणाला, शेफिका आपल्याला चारचौघांत उभं करून जाब विचारणार."

मी म्हटलं, "जाब विचारायचा असता तर कार्ड छापलं नसतं."

तिने साखर घेतली आणि गेली. मी तिथेच उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "ताई, काय देऊ?" तर मी घ्यायला काय आले होते तेच आठवेना.

उघड्यावर पडलेलं थोडं सिमेंट दगड झालं. योस्ट महिनाभर सुट्टीवर जातोय. जाताना म्हणाला, "ऑगस्ट अखेर." म्हणजे तेवढ्यात नाही झालं तर संपलंच.

तू सही पाठवणार आहेस की नाही, एवढं तरी हो-नाही लिही. मला इथे सगळ्यांशी भांडायचं असतं, त्यात तुझ्याशी भांडण्याचं बळ किती दिवस उरणार?

शेफिका


क्रुश्कोवाक, २० ऑगस्ट २०००

एश्रेफ,

स्लॅब पडला. शनिवारी.

बसून वाच. मला लिहिताना दोनदा उठावं लागलं.

हाकिया म्हणाला होता, "ताई, कुणाला काही सांगू नका. सकाळी मिक्सर लावू. आले तर आले." मी पुन्हा पातेलं चढवलं. या वेळी शाहाआजी पिताच्या पोळ्या लाटायला आली. म्हणाली, "या खेपेलाही कुणी नाही आलं तर सगळं आपणच खायचं, मला चालेल."

मिक्सर घरघरायला लागला. पहिला घाणा ओतला. हाकिया, मेव्हणा (आला, मान खाली घालून), आणि मी बादल्या वाहायला. मग पुलापलीकडून तिघे आले, फावडी खांद्यावर, रांगेत उभे राहिले. मग आणखी. मग वरच्या रस्त्याने दोन तरुण मुलं उतरली. कुणाची ते मी विचारलं नाही. लढाईच्या वेळी ती दप्तर घेऊन शाळेत जात असतील. त्यातला एक म्हणाला, "काकू, बादली द्या इकडे, तुम्ही कॉफीचं बघा." मला एकदम आपल्या बाबांच्या काळातला आवाज ऐकल्यासारखं झालं. मग आणखी वरचे. कुणी "नमस्कार" म्हटलं, कुणी "मर्हबा" म्हटलं, कुणी नुसतीच टोपी हलवली. माणसांची रांग मिक्सरपासून शिडीपर्यंत लागली. हाकिया वरून ओरडत होता, "अरे पातळ आलं, पातळ! खडी वाढवा, हे सूप नाही!"

मी खूश होते. लिहिते स्पष्ट, खूश होते. इतक्या वर्षांत मला तसं कधी वाटलं नव्हतं.

आणि मग पाणी संपायला आलं.

विहिरीचं पाणी वापरत नाही, लढाईत तिच्यात काय टाकलं ते तुला ठाऊक आहे. नळ घरापर्यंत अजून आलेला नाही. पालिकेचा टँकर येणार होता. मी निरोप पाठवला, तर ड्रायव्हरने सांगितलं, कागद नाही, कार्यक्रम रद्द झालाय ना? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं आहे सगळं. स्लॅब अर्धा पडलेला. ऊन डोक्यावर. हाकिया खाली उतरला, माझ्याकडे आला आणि हळू बोलला. तो कधीच हळू बोलत नाही.

"ताई, हे पिंप संपलं की थांबावं लागेल. थांबलो की जोड."

मी पुलापर्यंत जाऊन नदीकडे बघितलं. बादल्यांनी आणायचं तर संध्याकाळ झाली असती.

तेव्हा मला तो आवाज आला. तू तो कुठेही ओळखशील. मीही ओळखला. वरच्या वळणावरून ट्रॅक्टर येत होता. तोच, तांबडा, पुढचा दिवा अजून फुटलेला. मागे पाण्याची टाकी, आणि वर राय्को.

रांग थांबली. आपली माणसं हातात बादल्या घेऊन उभी राहिली. मिक्सर रिकामाच फिरत होता. राय्कोने फाटकाशी ट्रॅक्टर थांबवला, आत घातला नाही. इंजिन चालूच. तो म्हातारा झालाय, एश्रेफ. तू बघशील तर ओळखणार नाहीस.

"पाणी कमी पडतंय असं वीडोसावा म्हणाली," तो म्हणाला. "आत घेऊ का?"

पुलावरून धावत परत येऊन फाटक मी धरलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. शाहाआजी पिठाचे हात घेऊन ओट्यावर उभी. मला तू दिसलास, मक्यात बसलेला. मला बाबा दिसले. आणि वर अर्धा स्लॅब ओला पडला होता.

मी म्हटलं, "बादलीबादलीने आणणार आहेस का इथून? घे आत."

आणि फाटक उघडलं.

बस. एवढंच केलं मी. तू म्हणशील, हेच नको होतं. मला माहीत आहे तू हेच म्हणशील. मीसुद्धा त्या क्षणी स्वतःला हेच म्हटलं. पण घर पाण्याशिवाय होत नाही, आणि पाणी त्याच्याकडे होतं.

त्याने तीन खेपा केल्या. संध्याकाळ व्हायच्या आत हाकियाने शेवटचा कोपरा फळीने सारखा केला. मग सगळे जेवायला बसले. घेवडा, पिता, काकड्या. राकियाची दारू वरच्यांनी आपली आपण आणली होती, आणि आपल्यातल्या काहींनीही तिला नाही म्हटलं नाही, ते मी बघितलं नाही असं ठरवलं. विनोद सुरू झाले. हाकिया म्हणाला, "योस्टसाहेबाला कळवा, कार्ड न छापता माणसं येतात, हा नवा शोध लागलाय." सगळे हसले.

राय्को बसला नाही. ट्रॅक्टरला टेकून उभा होता. मी कॉफी घेऊन गेले. वीडोसावा लांबून बघत होती.

मी विचारलं, "बाबा काही बोलले होते? त्या दिवशी? ट्रॉलीत?"

त्याने कप हातात घेतला नाही. मग म्हणाला, "म्हणाले, राय्को, जरा सावकाश घे, माझी कंबर दुखतेय."

"आणि तू?"

"मी सावकाश घेतलं."

मी पुढचं विचारलं नाही. बंदूक होती का, ते विचारायचं होतं. तोंडात शब्द आला होता. पण त्याने उत्तर दिलं असतं, आणि मग ते खरं की खोटं हे मला जन्मभर तोलत बसावं लागलं असतं. मी कप ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवला आणि आत आले. चुलीपाशी बसून रडले, शाहाआजीने दार लोटून घेतलं. बाहेर आल्यावर कप रिकामा होता.

मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानेही मागितलेली नाही. पण बाबा काय म्हणाले ते आता आपल्याला माहीत आहे, आणि ते मला एकटीला ठेवायचं नाही. ते तुझंही आहे.

आता कौलांसाठी तुझा कागद हवा. पण आज मी तो मागत नाही. आज एवढंच वाच.

तुझी ताई


क्रुश्कोवाक, १९ ऑक्टोबर २०००

एश्रेफ,

गेल्या महिन्यात तुझं पाकीट आलं. जाड होतं. मी शेतातून धावत आले, हातसुद्धा धुतले नाहीत.

आत स्वीडिश वकिलाचा शिक्का, आपल्या वकिलातीचा शिक्का, आणि तुझी सही. घर आणि जमीन, सगळं शेफिकाच्या नावे. मोबदला नाही, अट नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. त्यात आणखी काही नव्हतं. एक ओळ नाही, नाव नाही, शिवीसुद्धा नाही. तू मला शिवी दिली असतीस तर मी त्या दिवशी गावभर पेढे वाटले असते.

मला कळलं. मी फाटक उघडलं म्हणून तू तुझं दार लावलंस. तुझ्या लेखी हिशेब मिटला. घर तुला लखलाभ, आता मला छळू नकोस, असंच ना?

एप्रिलपासून मी सही दे, सही दे म्हणून तुझा जीव खाल्ला, आणि तू दिलीस. मग आता कुणावर चिडू? मला वाटलं होतं, एवढं डोकं खाल्लं की तू वैतागून उठशील आणि सही घेऊन स्वतःच येशील. लहानपणी यायचास तसा, भांडायला. तू भांडायला ये, हेच मी इतके महिने लिहीत होते. इतकं साधं मला सरळ लिहिता आलं नाही, आणि तुला ते ओळखता आलं नाही. दोघंही बाबांचीच मुलं.

कागद मी योस्टला दिला, कारण हिवाळा कुणासाठी थांबत नाही. तो इतका खूश झाला की मला मिठी मारणार होता, मग आमच्यात चालतं की नाही या विचाराने अर्ध्यातच थांबला. छप्पर बसलं. परवापासून मी प्लास्टिकशिवाय झोपते. पाऊस पडला तर आवाज ऐकून आधी उठून बसते, मग आठवतं, आणि पुन्हा झोपते.

तर आता हे घर माझं आहे. बोल, खरं ना? तुझ्याच सहीने. मालकीण मी. आणि मालकिणीला काय काय करावं लागतं ते ऐक. पालिकेत रांगेत उभं राहावं लागतं. वीडोसावाच्या कोंबड्या हाकाव्या लागतात. दुकानात राय्को समोर आला तर बाजूला व्हायचं की त्याने व्हायचं, हे रोज नव्याने ठरवावं लागतं. कुणाला माफ करायचं, कुणाला नाही, कुणाचं पाणी घ्यायचं, याचा निवाडा मालकाला करावा लागतो. तुला ते नको होतं. तू मालक म्हणून येऊ शकत नव्हतास. मला हे आधी कळायला हवं होतं.

आता तू मालक नाहीस. पाहुणा आहेस. पाहुण्याला आपल्या गावात कुणी काही विचारत नाही. पाहुणा कुणाशी बोलला नाही तरी चालतं. त्याने फक्त खायचं, झोपायचं, आणि जायचं झालं की जायचं. कोकरू कापीन मी, कार्ड हवं असेल तर कार्डही छापीन.

ये रे. मला तुझी आठवण येते. बाबांच्या कबरीवर अजून दगड बसवायचा आहे, आणि त्यावर काय कोरायचं ते मी एकटी ठरवणार नाही.

कोणत्या दिवशी येणार तेवढं एनिसाला फोनवर सांगायला सांग. मी स्वतः वर जाऊन राय्कोला सांगेन की त्या दिवशी ट्रॅक्टर बाहेर काढू नकोस. तो काढणार नाही.

ताई